एकशे दहा रुपयांची परी
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातली तिसरीतली मुलगी शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली. स्नेहसंमेलन जवळ आले होते आणि परीच्या नाचात तिची निवड झाली होती. चिठ्ठीत चारच ओळी होत्या. परीच्या ड्रेसचे भाडे ५०० रुपये, अनामत ३०० रुपये, सोमवारपर्यंत वर्गशिक्षिकांकडे भरावेत. ड्रेस फाटल्यास अनामत परत मिळणार नाही.

मुलीची आई औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते, वडील टेम्पो चालवतात. महिनाअखेर होती. आईने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि पुन्हा मुलीच्या हातात दिली. ती काही बोलली नाही. तोडगा मुलीनेच काढला. ती म्हणाली, "मी बाईंना सांगते, मला झाड करा. झाडाला पैसे नाही पडत."

मी जिन्यातच उभी होते, म्हणून हे वाक्य माझ्या कानांवर पडले. आठ वर्षांच्या मुलीने आपल्या घरच्या परिस्थितीचा हिशेब करून स्वतःहून परीची झाड होण्याची तयारी दाखवावी, यात कौतुक करण्यासारखे काही असेल तर असो. मला मात्र ते वाक्य कित्येक दिवस टोचत राहिले. या लेखाचे कारण एवढेच आहे.

वाचकांपैकी पुष्कळांना शिरवणे हे नाव जुईनगर स्टेशनाजवळचे एक गाव म्हणून ठाऊक असेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. आमचे गाव त्यांतलेच. शेते गेली, घरे राहिली. मग घरांवर माड्या चढल्या, माड्यांच्या खोल्या झाल्या आणि त्या खोल्यांत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत राबणारी माणसे मराठवाड्यातून, खानदेशातून, थेट उत्तर प्रदेशातून येऊन राहू लागली. त्यामुळे आमच्या जिन्यात रोज निरनिराळी मराठी ऐकू येते, हिंदीही ऐकू येते, आणि महिनाअखेरीची शांतता मात्र सगळ्यांची एकच असते.

त्या संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत त्या मुलीच्या आईला सांगितले, "वहिनी, काळजी करू नका. परीचा ड्रेस आपण घरी करू." कला शाखेची विद्यार्थिनी म्हणून हे मला सहज जमेल, असे वाटले होते. प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. कारण यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले थोडे हसण्यासारखेही आहे.

आमच्या आजीने पहिलाच प्रश्न विचारला, "परी म्हंजे कोन गो? आसरा ना?" मी हसले. परंतु तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याकडे मी पुढे येईनच.

प्रथम पंख. दिवाळी होऊन जेमतेम महिना झाला होता. माझ्या भावाने केलेला चांदणीचा मोठा आकाशकंदील माळ्यावर पडून होता. मी त्याच्या कामट्या सोडवल्या, दोन त्रिकोण बांधले, त्यांवर जुनी पांढरी ओढणी ताणून शिवली आणि मुलीच्या पाठीला बांधली. पंख इतके रुंद झाले की परीला आमच्या जिन्याच्या दारातून आत येता येईना. ती आडवी होऊन शिरली, तोच एक टोक भिंतीला लागले आणि सांधा निखळला. शिवाय सरळ कामट्यांचे पंख पंखांसारखे दिसतच नव्हते. पाठीला दोन सुपे बांधल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या खेपेला आजीच्या सांगण्यावरून कामट्या रात्रभर पाण्यात भिजत घातल्या. भिजलेला बांबू वाकतो, मोडत नाही. सकाळी दोन लांब कामट्या पानाच्या आकारात वाकवून मराठी चारच्या आकड्यासारख्या मध्यभागी एकमेकींत अडकवल्या आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे दोऱ्याने घट्ट आवळल्या. त्या सांध्याखाली हातरुमालाएवढा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जुन्या बनियनचे कापड, आणि पुठ्ठ्याला इलास्टिकचे दोन फास. दप्तराच्या पट्ट्या जशा खांद्यांत अडकवतात तसे हे पंख अडकवायचे. टोके दुमडून त्यांवर चिंधी गुंडाळली, म्हणजे शेजारच्या परीच्या डोळ्याला इजा व्हायला नको. रुंदीचे मापही आता कळले होते. मुलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले की कोपरापासून कोपरापर्यंत जेवढे अंतर होईल, त्याहून पंख मोठे करू नयेत.

ओढणी लुळी पडत होती. तिला साबुदाण्याची खळ केली आणि गच्चीवर वाळत घातली. त्याच दोरीच्या खाली आमच्या घरच्यांनी बोंबील सुकत घातले होते, हे माझ्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी परीच्या पंखांना जो सुवास सुटला होता, तो कुठल्याही स्वर्गातला नव्हता. ओढणी पुन्हा धुतली, पुन्हा खळ, आणि या वेळी खिडकीत वाळवली.

झगा म्हणजे मुलीच्या आईचा जुना पांढरा परकर, उंचीला दुमडून. त्यावर फाटक्या मच्छरदाणीच्या दोन झालरी. ही मच्छरदाणी सुती होती हे भाग्य. नायलॉनची जाळी दिसायला झुळझुळीत असते, पण ती अंगाला टोचते, आणि दिव्याजवळ गेली तर झपाट्याने पेटते व वितळून कातडीला चिकटते. संमेलनांत पणत्या घेऊन नाच करण्याची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. वर शनिवारच्या पी.टी.चा पांढरा सदरा. मुकुट पुठ्ठ्याचा. जादूची छडी म्हणजे वर्तमानपत्राची घट्ट सुरळी, आणि तिच्या टोकाची चांदणी बिस्किटाच्या पुड्याच्या चंदेरी आतल्या बाजूची.

विकत आणलेल्या वस्तूंचा हिशेब असा: सॅटिनची पांढरी फीत ३० रुपये, इलास्टिक २०, चंदेरी चिकटपट्टी २०, गोंद २०, टिकल्या १०, सोनेरी कागद १०. एकूण ११० रुपये. संमेलनाच्या रात्री ती मुलगी नाचली. मधेच उजवा पंख कलला, तिने एका हाताने तो धरला आणि उरलेला नाच दुसऱ्या हाताने पूर्ण केला. तिची आई माझ्या शेजारी बसली होती. तिने एकदाही टाळी वाजवली नाही. दोन्ही हात तोंडावर धरून ती नुसती बघत राहिली.

येथे हा लेख संपवता आला असता. काटकसर, कल्पकता, टाकाऊतून टिकाऊ, आणि शेवटी एक सुभाषित. अशा लेखांना बक्षिसेही मिळतात. परंतु घरी परतताना मी मनाशी दुसरा हिशेब केला आणि तो पहिल्याइतका सुखाचा निघाला नाही. माझे चार तास गेले होते. आजीने झालरींना टीप घालण्यात दोन तास घालवले होते. आणि मुलीच्या आईने कामावरून आल्यावर दोन रात्री अडीच-अडीच तास जागून शिवण केली होती. म्हणजे अकरा तास. तेवढ्या वेळात तिने ओव्हरटाइम केला असता तर ड्रेसच्या भाड्याचा बराचसा भाग निघाला असता! मग ही परी ११० रुपयांची कशी? बायकांचे जागरण हिशेबात धरायचे नाही, एवढ्याच अटीवर ती स्वस्त आहे.

म्हणून "घरी करा, स्वस्तात होते" हा उपदेश मी करणार नाही. तो उपदेश ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांना केलेला असतो. माझे म्हणणे वेगळे आहे. मुलांचा पोशाख भाड्याने आणायचा की घरी शिवायचा, हा प्रश्नच आईबापांच्या दारात टाकू नये. पोशाख शाळेत व्हावा, मुलांच्या हातून व्हावा आणि शाळेच्या तासाला व्हावा.

हे अशक्य आहे काय? आपल्या शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास वर्षानुवर्षे आहे. हाताने काम करीत शिकण्याचा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला, ही गोष्ट आपण परीक्षेत लिहितो. त्याच तासाला पुष्कळ ठिकाणी काय चालते, हे आपण सर्वांनी विद्यार्थी म्हणून अनुभवले आहे: शेवटच्या आठवड्यात दुकानातून आणलेली तयार वस्तू जमा करायची आणि गुण घ्यायचे. दिवाळीनंतरचे चार तास जरी खरोखर हातकामाला दिले, तरी एका वर्गाचे पंख तयार होतील. आकाशकंदील करता येणाऱ्या मुलाला पंख करता येतात. दोन्हींचा सांगाडा एकच. आणि त्या ओघात मुलांना मोजमाप येईल, टाका घालता येईल, बांबू कसा वाकतो व खळ कशी धरते हे कळेल. मुलग्यांनाही सुई धरता येईल, हा लाभ मी मुद्दाम वेगळा सांगते.

यावर कुणी म्हणेल, "मुलांच्या हातचे पंख वाकडेतिकडे होतील. पाहुण्यांसमोर शोभा होईल." येथे आजीच्या प्रश्नाकडे वळते.

परी म्हणजे कोण? परी हा शब्दच आपल्याकडे फारसीतून आला. आपल्या मुलखातल्या पऱ्या म्हणजे आसरा. अप्सरा या शब्दाचेच ते रूप. तळ्याकाठी, विहिरीच्या कडेला, नदीच्या डोहाजवळ सात दगड मांडलेले असतात. त्यांना शेंदूर लावलेला असतो. त्या साती आसरा. त्यांना पंख नाहीत, झगा नाही, छडी नाही. तरीही तिन्हीसांजेला तिथून जाताना माणूस आवाज खाली आणतो. म्हणजे आपल्या आजीपणजीच्या परीचा पोशाख एक चिमूट शेंदराचा होता!

मग हा पांढरा घेरदार झगा आणि पंख आले कुठून? फार प्राचीन काळातून नव्हेत. १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' नावाचे नृत्यनाट्य रंगभूमीवर आले. त्यात मारी ताल्योनी ही नर्तिका पांढऱ्या तलम कापडाचा झगा आणि पाठीला इवलेसे पंख लावून नाचली, आणि रंगभूमीवरच्या परीचा तो जणू गणवेश ठरला. त्यानंतर वीसएक वर्षांनी लखनौत अमानत यांनी 'इंदरसभा' लिहिले. त्यातल्या चार पऱ्या म्हणजे पुखराज परी, नीलम परी, लाल परी आणि सब्ज परी. पिवळी, निळी, लाल आणि हिरवी. पारशी नाटक मंडळ्यांनी हे नाटक आपल्या मुंबईत गाजवले. तेव्हा "बारा पऱ्या एकसारख्या पांढऱ्या दिसल्या पाहिजेत" हा नियम ना पुराणातला ना आपल्या रंगभूमीवरचा. तो ड्रेसवाल्याच्या कपाटातला आहे. मुलींनी घरात जी असेल त्या रंगाची ओढणी आणावी. चार रंगांच्या पऱ्या इंद्राच्या दरबारात चालल्या, तर शाळेच्या अंगणात का चालू नयेत?

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणखी दोन उदाहरणे आठवतील. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधल्या पऱ्यांची नावे पाहा: एकीचे नाव वाटाण्याच्या फुलावरून, एकीचे कोळिष्टकावरून, एकीचे मोहरीच्या दाण्यावरून. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडतील अशा वस्तू. त्याच नाटकात विणकर, सुतार, कल्हईवाला असे कारागीर राजापुढे नाटक करतात. त्यांच्यापैकी एक जण अंगाला चुना-माती फासून भिंत होतो, दुसरा हातात कंदील धरून चंद्र होतो. दरबारी हसतात, पण नाटक थांबत नाही. दुसरे उदाहरण १९०४ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या 'पीटर पॅन'चे. त्यातली टिंकर बेल ही परी कुणा नटीने केलीच नाही. आरशाने फिरवलेला प्रकाशाचा कवडसा आणि घंटीचा नाद, एवढ्यावर प्रेक्षकांनी तिला परी मानले. आमच्या वर्गातली मुले कंटाळवाण्या तासाला घड्याळाच्या काचेने फळ्यावर जो कवडसा नाचवतात, तो याच जातीचा. त्याला भाडे पडत नाही आणि अनामतही नाही.

मात्र याचा अर्थ वेशभूषेला किंमत नाही असा कुणी घेऊ नये. मराठी रंगभूमीने वेशभूषेवर जीव ओवाळला आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने १९१३ पासून शालू, दागिने आणि अत्तरे यांवर इतका खर्च केला की पुढे कंपनी कर्जात रुतली. रसिकांनी ते वैभव डोळ्यांत साठवले, घरोघरच्या स्त्रियांनी त्या साड्यांची अनुकरणे केली. हा इतिहास मोठा आहे, त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ते कर्ज कंपनीच्या डोक्यावर होते. मखमलीचा खर्च पदात कोरस धरणाऱ्या पोरांच्या आईबापांकडून चिठ्ठी पाठवून वसूल केला जात नव्हता. आपल्या शाळांनी वैभवाची हौस गंधर्वांकडून घेतली आणि बिल मात्र तिसरीतल्या मुलीच्या दप्तरात घातले.

याच्या उलट आपल्या कोकणातले दशावतारी पाहा. सुगी आटोपली की जत्रांतून त्यांचे प्रयोग सुरू होतात. त्यांचा पेटारा प्रसिद्ध आहे. त्यात मुखवटे, वस्त्रे, आयुधे असतात. त्या पेटाऱ्याची पूजा होते. नट स्वतःच आपले तोंड रंगवतो, स्वतःच साडी नेसून राणी होतो. जव्हार-मोखाड्याकडे, म्हणजे पूर्वीच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बोहाड्याची सोंगे निघतात. तिथेही जपून ठेवलेले मुखवटे पुन्हा पुन्हा बाहेर काढले जातात. या दोन्ही ठिकाणी पोशाख हा त्या मंडळीचा, त्या गावाचा सामाईक ठेवा असतो. एका रात्रीसाठी आणून सकाळी परत करायची ती वस्तू नसते.

ड्रेसवाल्यांवर माझा राग नाही, हेही सांगून टाकते. शिवाजी महाराजांचा जिरेटोप किंवा पेशवाई पगडी प्रत्येक घरी कशी असणार? एक पोशाख पन्नास जणांनी वापरावा, ही कल्पना मुळात काटकसरीचीच आहे. त्या धंद्यावर जगणारी कुटुंबेही आपल्यासारखीच आहेत. आक्षेप आहे तो सक्तीला. नाच, गाणे, अभिनय यांसाठी मुलांची निवड करायची आणि नंतर पैशांची चिठ्ठी पाठवून ती निवड पुन्हा पाकिटाकडून करून घ्यायची, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. त्या रात्री रंगमंचावर अकरा पऱ्या आणि सात झाडे होती. झाडांनी शाळेचाच गणवेश घातला होता व हातांत पुठ्ठ्याची पाने धरली होती. त्या सात जणांपैकी किती जणांना खरोखर झाडच व्हायचे होते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. लेखाचा हा भाग आपल्या महाविद्यालयातल्या मित्रमैत्रिणींसाठी आहे आणि तो कदाचित कुणाला आवडणार नाही.

शाळांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याकडे गॅदरिंगच्या आठवड्यात साडी डे, ट्रॅडिशनल डे असे 'डे' साजरे होतात. त्या दिवशी वर्गात कोण आले आहे याचे फोटो निघतात. कोण आले नाही याची नोंद कुणी ठेवत नाही. ती एकदा ठेवून पाहावी. एरवी एकही तास न चुकवणारी काही मुले-मुली नेमक्या त्याच दिवशी आजारी पडतात. त्यांच्या आजाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे. समूहनृत्यासाठी "प्रत्येकी एवढे काढा" असे ठरले की सरावातून एकेक जण हळूच गळतो आणि आपण म्हणतो, "त्याला इंटरेस्टच नव्हता." त्या मुलीनेही बाईंना तेच सांगितले असते, की मला झाड व्हायला आवडते. आणि बाईंना ते खरे वाटले असते.

नाटकवाल्या मंडळींना तर हे सांगायला नको. महाराष्ट्रीय कलोपासकच्या पुरुषोत्तम करंडकाने १९६३ पासून महाविद्यालयीन एकांकिकांत संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांनाच मुख्य मानले, चकचकीत नेपथ्याला नाही. ही शिस्त महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी आनंदाने पत्करली आणि तिच्यातून मोठे रंगकर्मी घडले. आपल्या शेजारी ठाण्यात रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत 'वंचितांचा रंगमंच' उभा केला; वस्त्यांमधल्या मुलामुलींनी स्वतःच रचलेल्या नाटिका तिथे सादर केल्या. पन्नासएक वर्षे बालनाट्यांत राक्षस, चेटकिणी आणि राजपुत्र उभे करणाऱ्या लेखकाला उतारवयात जे महत्त्वाचे वाटले ते हे: ज्यांना कुणी रंगमंचावर बोलावत नाही त्यांना बोलावणे. आपल्याला यातून काही घेता येईल की नाही?

माझ्या तीन सूचना आहेत. त्या मोठ्या नाहीत.

पहिली सूचना शाळांना. कार्यक्रम बसवतानाच, निवडीच्या आधी, पोशाख कसा होणार हे ठरवावे. मुलाकडून पैसे मागवायचे नाहीत हा नियम करावा. एका पात्रामागे १०० रुपयांची मर्यादा घालावी आणि तेवढा खर्च शाळेने उचलावा. जे बसेल ते करावे. जे बसणार नाही त्यासाठी ओढणी, कागद, कवडसा आणि कल्पना वापरावी. काम कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी करावे.

दुसरी सूचना आपल्या महाविद्यालयाला. आपला एक पेटारा असावा. दशावताऱ्यांसारखा. दरवर्षी गॅदरिंग संपल्यावर पगड्या, शेले, तलवारी, मुकुट कचऱ्यात किंवा कुणाच्या तरी घरी जातात. ते धुऊन, नावे लिहून एका मोठ्या पेटीत ठेवावेत. ग्रंथालयातून पुस्तक नेतो तसे ते विद्यार्थ्यांनी सही करून न्यावेत. पाच वर्षांत आपल्याकडे असा संग्रह होईल की आसपासच्या शाळाही मागायला येतील, आणि आपण तो त्यांना द्यावा.

तिसरी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, फेऱ्या काढतो. ते चांगलेच आहे. त्याच्या जोडीला डिसेंबरातले दोन शनिवार जवळच्या प्राथमिक शाळांना द्यावेत. कामट्या, गोंद, कात्र्या घेऊन जावे आणि मुलांबरोबर बसून पंख करावेत. त्या अकरा तासांचे ओझे मग कुणा एका आईच्या जागरणावर पडणार नाही. तीस हात लागले तर एका वर्गाचे काम एका दुपारी होईल, आणि पंख वाकडे झाले तर सगळ्यांचेच थोडेथोडे वाकडे होतील.

शेवटी आजीचे सांगते. संमेलनाला तीही आली होती. परतताना मी तिला विचारले, "आजी, आवडली का परी?" ती थोडा वेळ चालत राहिली आणि म्हणाली, "एक पंख धरून नाचली ना, ती आपली." अकरा पऱ्यांत तिला आमचीच तेवढी ओळखू आली होती, कारण बाकीच्या दहा अगदी एकसारख्या होत्या.

ते पंख आमच्या माळ्यावर कंदिलाशेजारी टांगून ठेवले आहेत. उजव्या पंखाचा सांधा मी पुन्हा आवळून घेतला आहे. यंदा कुणाच्या घरी अशी चिठ्ठी आली तर शिरवण्यात येऊन ते जरूर न्यावेत. भाडे नाही, अनामत नाही. फाटले तर तेवढे शिवून आणावेत.